बहुतेक वेळ काळा असलेला पडदा

नवा मॉनिटर घ्यायला निघालं की खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा ठळक छापलेला दिसतो. पिक्सेल इतक्या झटकन रंग बदलतो, म्हणजे हलतं चित्र पुसट होणार नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि जाहिरातीही तसंच सुचवतात. हा समज चुकीचा आहे. पिक्सेलने अगदी शून्य वेळात रंग बदलला, तरी सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे ६० हर्ट्‌झच्या सपाट पडद्यावर पळणारी वस्तू पुसट दिसणारच. उलट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा खोक्यासारखा सीआरटी मॉनिटर तीच वस्तू रेखीव दाखवायचा. असं का होतं, याचं उत्तर अर्धं पडद्यात आहे आणि अर्धं आपल्या डोळ्यात. पडद्यांच्या साऱ्या तंत्रज्ञानात मला याहून सुंदर कोडं माहीत नाही.

आधी सीआरटी, म्हणजे कॅथोड किरण नळी. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली तिचं पहिलं रूप तयार केलं. नळीच्या निमुळत्या टोकाशी तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. रंगीत नळीत सुमारे २५ हजार व्होल्टचा विद्युतदाब त्यांना पुढे खेचतो आणि काचेपर्यंत पोहोचताना त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ३० टक्क्यांच्या घरात गेलेला असतो. नळीच्या मानेभोवती बसवलेली तारांची वेटोळी चुंबकीय क्षेत्राने हा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवतात. १०२४ × ७६८ बिंदूंचं चित्र ८५ हर्ट्‌झवर दाखवायचं, तर सेकंदाला ६८ हजारांहून अधिक आडव्या रेघा ओढाव्या लागतात. झोत जिथे आदळतो तिथला काचेच्या आतला फॉस्फर हा चमकणारा लेप उजळतो आणि त्याचा बहुतेक उजेड साधारण एका मिलिसेकंदाच्या आत ओसरतो. म्हणजे कोणताही एक क्षण धरला, तर पडद्यावर एक अरुंद आडवा पट्टा तेवढा उजळलेला असतो, बाकी सगळा काळोख. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने चालू सीआरटीचं चित्रण केलं, की हा पट्टा वरून खाली सरकताना दिसतो. अख्खं चित्र तिथे एका वेळी कधीच नसतं.

एलसीडीचं, म्हणजे द्रव स्फटिकाच्या सपाट पडद्याचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. फ्रीड्रिख रायनिट्झर यांना १८८८ साली जो द्रव स्फटिक प्रथम लक्षात आला, त्याच जातीच्या पदार्थांचा पातळ थर इथे असतो. मागे दिवा अखंड पेटलेला, आणि पुढे प्रत्येक पिक्सेल म्हणजे प्रकाश कमी-जास्त सोडणारी झडप. झडपेमागचा ट्रान्झिस्टर तिला एकदा विद्युतभार देतो आणि पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, येईपर्यंत ती तशीच उघडी राहते. ६० हर्ट्‌झवर ही वाट १६.७ मिलिसेकंदांची. एवढा वेळ चित्र जागच्या जागी ठाम उभं असतं. कोड्याची किल्ली या ठाम उभं राहण्यात आहे.

एक प्रयोग करून पाहा. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर मजकूर एका संथ लयीत वर सरकवत राहा आणि नजर एखाद्या ओळीबरोबर चालवत अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. आता छापील कागद हातात घेऊन साधारण त्याच वेगाने वर न्या. अक्षरं वाचता येतात. वेग तोच, डोळेही तेच, मग फरक कशाचा?

कागद खरोखर अखंड सरकतो, पडद्यावरचं अक्षर मात्र टप्प्याटप्प्याने उडी मारतं. आपला डोळा या उड्यांच्या मागे उड्या मारत नाही. सरकणाऱ्या गोष्टीचा पाठलाग तो सलग, गुळगुळीत गतीने करतो. समजा १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर एक चेंडू दोन सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. त्याचा वेग झाला सेकंदाला ९६० पिक्सेल, म्हणजे ६० हर्ट्‌झवर दर फ्रेमला १६ पिक्सेल. फ्रेम उमटल्यावर चेंडू १६.७ मिलिसेकंद जागचा हलत नाही, पण तेवढ्या वेळात नजर १६ पिक्सेल पुढे गेलेली असते. त्यामुळे दृष्टिपटलावर चेंडूची प्रतिमा तेवढीच उलट दिशेला घसरते. पुढची फ्रेम येते, प्रतिमा जागेवर परतते आणि पुन्हा घसरू लागते. दृष्टिपटल हा सगळा प्रकाश जमा करतं आणि आपल्याला १६ पिक्सेल रुंदीचा फराटा दिसतो.

म्हणजे हा फराटा पडद्यावर नसतोच! झटपट शटरने पडद्याचा फोटो काढला तर चेंडू स्वच्छ येईल. फराटा टिपायचा, तर कॅमेराही चेंडूच्या वेगाने सरकवावा लागतो आणि शटर फ्रेमभर उघडं ठेवावं लागतं. मॉनिटर तपासणारे जाणकार तसंच करतात.

आता सीआरटीवर तोच चेंडू. एका मिलिसेकंदाची चमक आणि मग अंधार. त्या एका मिलिसेकंदात नजर जेमतेम एक पिक्सेल पुढे जाते, म्हणून फराटाही तेवढाच. उरलेल्या सुमारे १६ मिलिसेकंदांत डोळा काळ्या पडद्यावरून जातो आणि काळोखाचा फराटा उमटत नाही. पुढची चमक येते तेव्हा चेंडू आणि नजर पुन्हा बरोबर जुळलेले असतात. चमक क्षणाची असली तरी चित्र अंधुक वाटत नाही, कारण इतक्या जलद लुकलुकणाऱ्या उजेडाची डोळ्याला सरासरी जाणवते. भरपाई म्हणून तो क्षणभराचा बिंदू अतिशय प्रखर असावा लागतो. ओलेड पडद्यावरून, म्हणजे ज्यात मागे दिवा नसून प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशा पडद्यावरून, हे नीट ताडून पाहता येतं. तिथे पिक्सेल ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास रंग बदलतो, तरीही ६० हर्ट्‌झवर चित्र धरून ठेवणारा ओलेड हाच १६ पिक्सेलचा फराटा दाखवतो.

सीआरटीचे गोडवे गाणाऱ्यांचं सगळंच मात्र मला पटत नाही. त्या अंधाराची किंमत म्हणजे लुकलुक. नजरेच्या कडेला ती जास्त जाणवते आणि ६० हर्ट्‌झवर तासन्‌तास काम केलं की डोळे थकायचे. शिवाय तो मॉनिटर भलताच जड असायचा, आणि त्या वजनाचं कारणही भौतिकशास्त्रातलं आहे. नळीच्या आत निर्वात असतं आणि बाहेरून हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो वजनाएवढी दाबते. ४० × ३० सेंटिमीटरच्या दर्शनी काचेवर हा भार एका टनाहून अधिक होतो, म्हणून काच जाड हवी. नळीच्या काचेत, मुख्यतः मागच्या भागात, शिसंही असतं, त्यामुळे नळीची विल्हेवाट हा मोठाच प्रश्न आहे. शिवाय कडेची अक्षरं थोडी पसरट दिसतात आणि विजेचा खर्च त्याच आकाराच्या एलसीडीच्या कितीतरी पट. स्थिर मजकूर वाचायला मी कधीही सपाट पडदाच निवडेन.

शिशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. वेगवान इलेक्ट्रॉन आत आदळून थांबतात तेव्हा क्ष-किरण निर्माण होतात हे खरं आहे, पण ते शोषण्यासाठीच काचेत शिसं आणि बेरियमसारखी जड मूलद्रव्यं घातलेली असतात. मॉनिटरशेजारी निवडुंगाची कुंडी ठेवली की ती ‘रेडिएशन ओढून घेते’, हा समज तेव्हाही निराधार होता. एलसीडीत तर इलेक्ट्रॉनचा झोतच नाही, तरी तीच कुंडी आजही सुचवली जाते. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांची गोष्ट फार वेगळी नाही. २०२३ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा डोळ्यांचा थकवा या चष्म्यांनी कमी होतो असं काही दिसलं नाही.

सपाट पडद्यावरचा फराटा कमी करायचे मार्ग दोनच. पहिला, फ्रेमची संख्या वाढवणे. त्याच चेंडूचा फराटा १२० हर्ट्‌झवर ८ पिक्सेल आणि २४० हर्ट्‌झवर ४ पिक्सेल होतो, पण सेकंदाला तितक्या वेगळ्या फ्रेम खरोखर मिळाल्या तरच. केवळ या वाटेने एका पिक्सेलवर यायचं, तर हजाराच्या जवळ फ्रेम लागतील. दुसरा मार्ग म्हणजे मुद्दाम अंधार आणणे. मागचा दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभर पेटवून विझवायचा, किंवा दोन फ्रेमांच्या मध्ये एक काळी फ्रेम घालायची. काही मॉनिटरमध्ये ही सोय असते. ती सुरू केली की उजेड लगेच घटतो आणि ६० हर्ट्‌झवर जुनी लुकलुक परत दिसू लागते, म्हणून ती निदान १०० हर्ट्‌झच्या पुढेच वापरावी. खोक्यावरच्या त्या एका मिलिसेकंदाआधी पाहायचं ते हे, की मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, किती आहे आणि दिवा विझवण्याची सोय त्यात आहे का.