साथ ओसरल्यावर झोप का उडते?

चीनमध्ये करोनाची साथ भरात असताना, २०२० च्या सुरुवातीला, ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती. झोपेची तक्रार ३४ टक्क्यांची होती. सर्वांत जास्त झळ परिचारिकांना बसली होती, त्यातही वुहानमध्ये थेट रुग्णसेवा करणाऱ्यांना.

संसर्गाची भीती साथीबरोबर ओसरते. अपराधी भावना मात्र मागे उरते. एक व्हेंटिलेटर, अत्यवस्थ रुग्ण दोन. दुहेरी हातमोज्यांतून नाडी नीट लागत नाही, वाफ धरलेल्या गॉगलमधून शीर सापडत नाही, नातेवाइकांना आत सोडायचं नाही, म्हणून शेवटची भेट सिस्टरने समोर धरलेल्या मोबाइलवर. उणीव यंत्रणेची असते, पण सिस्टरला वाटतं आपणच कमी पडलो. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी अशा यातनेचं वर्णन ‘नैतिक जखम’ म्हणून केलं होतं. ती पगारी रजेने भरत नाही.

२००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची साथ आली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनीही, सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतले कर्मचारी शेजारच्या हॅमिल्टनमधल्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त थकलेले होते. रुग्णांशी संपर्क टाळण्याचं, कामाचे तास कमी करण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. म्हणून साथ संपताच समुपदेशनाचा विभाग गुंडाळणं ही मोठी चूक आहे.

दुसरी चूक घाईची. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणणं. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा आघातजन्य ताण टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. पहिल्या महिन्यात दचकणं, वाईट स्वप्नं, मॉनिटरचा आवाज कानात घुमणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा माणूस तो वॉर्डच टाळू लागला, तर मात्र तज्ज्ञाकडे पाठवायला हवं.

मधल्या काळात वॉर्डच्या इन्चार्जने हँडओव्हरनंतर, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवल्यावर, एकेकाला बाजूला घेऊन विचारावं: झोप किती तास लागते? जेवण होतंय का? कुठला पेशंट डोक्यातून जात नाही? ड्यूटी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवावी. उलट फिरवली की शरीराचं घड्याळ जुळवून घेत नाही. दोन ड्यूट्यांमध्ये किमान ११ तास हवेत. झोपेसाठी दारू घेणाऱ्याला लवकर ओळखावं, कारण दारूने डोळा लागतो पण उत्तररात्री झोप मोडते.

आशाताईंचं काय? त्यांना वॉर्ड नाही, इन्चार्ज नाही, ड्यूटी चार्टही नाही. घरोघर तपासणी करताना शिवीगाळ ऐकून घ्यायची, तीही तुटपुंज्या मोबदल्यावर. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. पुरेसं आणि वेळेवर मानधन हा त्यांच्या मानसिक आरोग्याचाच भाग आहे, हे आरोग्य खात्याने मान्य करायला हवं.

मदत घेताना सर्वांत मोठी अडचण ‘रेकॉर्डवर येईल’ या धास्तीची असते. त्यामुळे समुपदेशक आपल्याच रुग्णालयातला नसावा. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते आणि मराठीतही बोलता येतं.