ओमानचा पेशंट दुसऱ्यांदाही पुण्यालाच का येतो?

(आमच्यामार्फत परदेशी रुग्ण घेणारी छोटी रुग्णालयं, दातांचे दवाखाने आणि फ्लॅटमालक यांच्यासाठी माहितीपत्रक)

नवीन डॉक्टर आमच्याशी बोलायला आले की बहुधा पहिला प्रश्न एकच असतो: 'महिन्याला पेशंट किती पाठवाल?' आमचं सहा माणसांचं ऑफिस आहे. दुभाषा देणं, राहायची सोय लावणं, व्हिसाच्या पत्रांमागे धावणं आणि पेशंट मायदेशी गेला की त्याची खबरबात ठेवणं, एवढं आम्ही करतो. आकड्याचा शब्द देत नाही. पण या धंद्यात जुना पेशंट एकटा कधीच परतत नाही, हे पुरतं कळून चुकलंय. वडिलांच्या गुडघ्याची वाटी नीट बसली की पुढच्या वर्षी आईचा मोतीबिंदू येतो, मग मेव्हण्याचे दात. आणि एकदा तोंड फिरवलं की अख्खं घराणं जातं.

मस्कतहून मुंबईला विमान तीन तासांच्या आत येतं. शिवाय पुण्यात शिकून गेलेली ओमानी, येमेनी, सुदानी मुलं आता केस पांढरे झालेले गृहस्थ आहेत. कॅम्प आणि कोंढवा त्यांना तोंडपाठ आहे. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पेशंट पुष्कळदा अशाच कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो. जाहिरातीवरून येणारे थोडे, आणि तेही चार ठिकाणचे दर विचारत फिरणारे.

बँकॉकचं बमरुंग्राद रुग्णालय या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. १९९७ साली थायलंडचं चलन कोसळलं, तिथल्या मध्यमवर्गाला खासगी उपचार परवडेनासे झाले, तेव्हा त्यांनी परदेशी रुग्णांकडे मोर्चा वळवला. २००२ मध्ये जेसीआयची (रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणारं ते आशियातलं पहिलं रुग्णालय ठरलं. आपल्याकडचे लोक तिथे जाऊन येतात आणि त्या पंचतारांकित स्वागतकक्षाचे फोटो दाखवतात. आमच्या मते फोटो बाहेरच्या रस्त्याचा काढायला हवा. जवळच्या गल्लीत अरबी पाट्या, अरबी जेवण, अरबी बोलणारे दुकानदार. दिल्लीत लाजपतनगरला अफगाण रुग्णांमुळे दरी भाषेतल्या पाट्यांची औषधाची दुकानं आणि अफगाणी नानच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. तमिळनाडूतल्या वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या आसपास बंगाली पाट्यांचे लॉज आणि माशाच्या कालवणाच्या खानावळी आहेत. आजारी माणूस परक्या गावी आठ-पंधरा दिवस काढतो. बरोबरच्या माणसाला सकाळी ओळखीचा चहा-नाश्ता मिळाला, औषध कसं घ्यायचं हे आपल्या भाषेत कळलं, तर त्या गावाची भीती जाते. पुढच्या वेळी नव्या गावाची भीती पुन्हा कोण ओढवून घेईल?

म्हणून फ्लॅटमालकांना विनंती: सोफा नवा नसला तरी चालेल, पण गॅस, मोठी पातेली, संडासात पाण्याचा फवारा आणि लिफ्ट चालू पाहिजे. पेशंट वॉकर घेऊन येतो, तिसऱ्या मजल्यावर जिने चढून नाही. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते (आपण सगळे ज्याला 'सी फॉर्म' म्हणतो ती). हे काम आम्ही करून देतो, पण पासपोर्टचे फोटो त्याच दिवशी पाठवा. नोंद राहिली तर तुम्ही अडचणीत येता आणि पेशंटच्या दाराशी पोलीस चौकशीला येतात. असं झालेलं कुटुंब पुन्हा येत नाही.

बिलाबद्दल

पैसे जास्त लागले म्हणून पेशंट तुटत नाही. आधी सांगितले नव्हते म्हणून तुटतो. आमच्या अंदाजपत्रकाच्या नमुन्यात दोन रकाने आहेत: पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही. दुसरा रकाना रिकामा ठेवू नका. रक्त लागलं तर, आयसीयूत एक दिवस जास्त राहावं लागलं तर, घरी न्यायची औषधं, नातेवाइकाचं जेवण, फिजिओथेरपी, सगळं लिहा. खर्च वाढणार असं दिसलं की त्याच संध्याकाळी दुभाष्याला घेऊन खोलीत जा. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळलं तर ऑपरेशन कितीही सुरेख झालेलं असो, मस्कतला पोहोचते ती काउंटरवरच्या भांडणाची गोष्ट.

आणि 'कट'बद्दल स्पष्टच लिहितो. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत निषिद्ध आहे. आम्ही टक्केवारी घेत नाही. ठरलेली फी पेशंटकडून पावती देऊन घेतो आणि ती त्याला आधी माहीत असते. आमच्याशिवाय आणखी कुणी मधल्यामध्ये टॅक्सीतून पेशंट आणून 'माझं काय?' विचारू लागला तर कृपया आम्हाला कळवा. आपल्यावर मध्यस्थ पैसे काढतोय हे पेशंटला कधी ना कधी कळतंच, आणि मग डॉक्टरने सांगितलेली खरी गरजेची तपासणीही त्याला संशयास्पद वाटू लागते.

परत गेल्यानंतरचे तीन महिने

आमचे जे पेशंट टिकले नाहीत, त्यांतले बहुतेक याच काळात गेले. एक गृहस्थ गुडघ्याचं ऑपरेशन करून मस्कतला परतले. चौथ्या दिवशी पाय सुजला. मुलाने शनिवारी रात्री टाक्यांचा फोटो पाठवला. रविवारी दवाखाना बंद, आमचाही फोन बंद. सोमवारी दुपारी उत्तर गेलं. सूज किरकोळ निघाली, पण तोवर ते तिथल्या इमर्जन्सीत रात्र काढून आले होते. त्याच घरातल्या धाकट्या भावाने नंतर बँकॉक गाठलं. चूक आमची होती, म्हणूनच इथे लिहितोय.

ओमानमध्ये २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. आपला रविवार हा त्यांचा कामाचा पहिला दिवस; बँका, दवाखाने, ऑफिसं सगळं सुरू. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, केनियातल्या नैरोबीचं अडीच तास. नैरोबीत रात्री नऊला जेवण उरकून कुणी फोन केला तर आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात.

डिस्चार्जच्या कागदांकडेही तितकंच लक्ष हवं. औषधाचं ब्रँडनेम लिहू नका, मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहा. आपल्या मेडिकलमध्ये हातोहात मिळणारी गोळी ओमानमधल्या सलालाच्या दुकानात त्या नावाने नसते. गुडघ्याच्या वाटीच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलला लावा. दातांच्या इम्प्लांटची (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाची) कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर कार्डावर द्या. त्यातला स्क्रू ढिला झाला तर तिथल्या दंतवैद्याला कुठली चावी लावायची ते त्यावरूनच कळतं. काही डॉक्टर म्हणतात, 'एवढं दिलं तर पेशंट तिकडेच काम करून घेईल.' घेईल की! हजार मैलांवरून स्क्रू आवळायला कोण येतं? ज्याने कार्ड दिलं त्याच्याकडे पुढचे चार दात येतात, हे आम्ही बघितलंय.

इम्प्लांट हाडात धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दुसरी फेरी ठरलेलीच. ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा असतो, तेव्हा दुसऱ्या फेरीला नवा व्हिसा आणि त्यासाठी तुमच्या लेटरहेडवर नवं पत्र लागतं. या पत्राला पंधरा दिवस लावले की पेशंटची रजा हुकते. बरोबर येणाऱ्या दोघांची नावं पत्रात पासपोर्टप्रमाणेच हवीत, घरी हाक मारतात तशी नव्हे.

व्हिसाची किंमत काय असते ते कोलकात्यात दिसलं. बांगलादेशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या डॉक्टरांकडे येत होती. ऑगस्ट २०२४ नंतर भारताचे व्हिसा आटले, मुकुंदपूरचे लॉज ओस पडले आणि मार्च २०२५ मध्ये बांगलादेशी रुग्णांची पहिली तुकडी उपचारांसाठी चीनमधल्या कुनमिंगला गेली. भाषा, जेवण, ओळखीचा डॉक्टर, सगळं असून दार बंद झालं की माणूस दुसरं दार ठोठावतो. तो व्हिसा आपल्या हातात नव्हता. लेटरहेडवरचं पत्र आहे.

या महिन्यापासून रविवारचा फोन आमच्या ऑफिसात सकाळी आठ ते रात्री बारा चालू राहील. प्रत्येक दवाखान्याने रविवारी टाक्यांचा फोटो बघून मत देऊ शकेल अशा एका डॉक्टरचं नाव आणि नंबर आम्हाला द्यावा. रिसेप्शनचा नंबर चालणार नाही. ज्यांचं नाव येणार नाही त्यांच्याकडे आम्ही येत्या गुरुवारनंतर ऑपरेशनची तारीख घेणार नाही.