हृदयस्नायूतील कॅल्शियमची ये-जा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्याच्या स्नायुपेशींमध्ये कॅल्शियम आयनांची पातळी क्षणभर चढते आणि लगेच उतरते. चढली की पेशी आकसते, उतरली की सैलावते. ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात पेशीद्रवातले मुक्त कॅल्शियम बाहेरच्या द्रवाच्या मानाने सुमारे दहा हजारावा हिस्साच असते. ठोक्याच्या वेळी ते साधारण दसपट होते.

हृदयाला कॅल्शियम लागते हे कळले एका चुकीमुळे. सिडनी रिंगर हे लंडनचे वैद्य बेडकाचे हृदय क्षारद्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात केलेले निघाले. खरोखरीचे ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ठोके क्षीण होत गेले. नळाच्या पाण्यात जे कॅल्शियम होते, तेच इथे नव्हते. रिंगर यांनी १८८३ मध्ये ही चूक मोकळेपणाने छापून सांगितली, आणि ती या विषयातली सर्वांत फलदायी चूक ठरली. रुग्णालयांत 'आरएल' म्हणून लावल्या जाणाऱ्या सलाईनमधला 'आर' त्यांच्याच नावाचा.

विद्युत्-संदेश पेशीत खोल शिरलेल्या आडव्या नलिकांपर्यंत पोचला की तिथल्या 'एल' प्रकारच्या वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारे, उघडतात आणि बाहेरचे थोडे कॅल्शियम आत येते. एवढ्याने पेशी नीट आकसत नाही. पण समोरच, एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्याच फटीपलीकडे, सार्कोप्लाझ्मिक जालिका हे कॅल्शियमचे कोठार असते. आत आलेले आयन कोठाराच्या भिंतीवरील रायनोडीन ग्राही नावाच्या दारांना चिकटतात, ग्राही उघडतात आणि साठा बाहेर पडतो. कॅल्शियमनेच कॅल्शियम सोडवले जाते. हातापायांच्या स्नायूंत वाहिनी ग्राहीला थेट ढकलते, म्हणून त्यांचे बाहेरच्या कॅल्शियमवाचून काही काळ भागते. हृदयाचे भागत नाही. १९९३ मध्ये प्रकाशमान रंगद्रव्य भरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना ही सुटका कणाकणाने लुकलुकताना दिसली. त्या लुकलुकीला कॅल्शियमच्या 'ठिणग्या' म्हणतात.

सुटलेले कॅल्शियम ट्रोपोनिन-सी या प्रथिनाला जोडले गेले की अ‍ॅक्टिन व मायोसिनचे तंतू एकमेकांवर सरकतात.

कॅल्शियम माघारी नेण्याचे काम आकुंचनाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्यालाही ऊर्जा लागते. सर्का हा पंप एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्चून ते कोठारात परत भरतो. उरलेले बहुतांश पेशीबाहेर जाते ते अदलाबदलीने : तीन सोडियम आयन आत, एक कॅल्शियम बाहेर. उंदराच्या हृदयात जवळजवळ सगळा भार सर्कावरच असतो, माणसात मात्र अदलाबदलीचा वाटाही मोठा असतो. म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे सर्कावरचा फॉस्फोलँबन या प्रथिनाचा लगाम सुटतो, त्यामुळे धावताना हृदय जोरात आकसते आणि चटकन सैलावतेही.

हृदय निकामी होऊ लागते तेव्हा बहुधा सर्का मंदावतो. डिजॉक्सिन हे जुने औषध सोडियम पंप अडवते. आत सोडियम साचते, अदलाबदल थंडावते, कोठार अधिक भरते आणि ठोक्याला जोर येतो. मात्रा जास्त झाली तर तेच भरलेले कोठार अवेळी गळू लागते आणि ठोके चुकतात.