मॉरिशसला निघताना बॅगेत संत्रा अन् बेल ठेवू नका

आम्ही वरुडहून दर महाशिवरात्रीला मॉरिशसची ट्रिप काढतो, अन् निघायच्या आठ दिवस आधी फोन सुरू होतात, "भाऊ, मृगाचा संत्रा तोडलाय, चार किलो घेऊ का, तिथल्या गंगा तलावावर महादेवाला वाहू." नका घेऊ. फळ, रोप, बी, पानं, परमिट नसेल तर तिथे काहीच नेता येत नाही, ऊस तर बिलकुलच नाही.

मागच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी बेलाच्या डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून साडीच्या घडीत ठेवल्या होत्या, मनात भक्तीच होती त्यांच्या. पण विमानतळावर बॅग उघडली, 18 माणसं दोन तास बसून राहिली, बाहेर गाडी उभी, अन् त्या दिवशीची चामारेलची रंगीत माती बघायची राहूनच गेली.

एवढं कडक काऊन? ते बेट ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेलं, तिथले पक्षी एकटेच वाढलेले. डोडो जमिनीवर अंडी घालायचा, जहाजातून आलेल्या उंदीर, डुकरं, माकडांनी ती खाल्ली अन् माणसांनी जंगल तोडलं, संपला तो. तिथला छोटा ससाणा 1974 मध्ये जंगलात फक्त 4 उरला होता, मोठ्या कष्टाने वाचवला. फळापानांसोबत बाहेरची कीड अन् रोगही असेच तिथे शिरू शकतात. आपल्या संत्र्याच्या बगीच्यात डिंक्या रोग नाहीतर कोळशी कीड आली की कसा जीव जाते, तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आम्ही आदल्या रात्री सगळ्यांच्या बॅगा उघडायला लावतो, काहींना राग येते, पण हे सोडणार नाही. घरचा चिवडा वगैरे असेल तर फॉर्मवर लिहून टाका. पूजेचं साहित्य तिथेच घेऊन देतो, पॅकेजमध्येच आहे.

गंगा तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं पाणी. काठावर माकडं आहेत, त्यांना प्रसाद देऊ नका. तिथला काळा दगड पाहून लोक म्हणतात हा तर आपल्याकडचाच, अन् ते काही खोटं नाही, ज्या रियुनियन हॉटस्पॉटमुळे, म्हणजे जमिनीच्या पोटातून लाव्हा वर येण्याच्या जागेमुळे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला त्याच्यावरच फार नंतर मॉरिशस तयार झालं.

गुलाबी कबुतर अन् मोठी कासवं पाहायची असतील तर इल ऑ एग्रेत या 65 एकराच्या बेटावर नेतो, पण तिथे गाइडसोबतच फिरता येते, म्हणून बुकिंग करतानाच सांगा.