खुलासा: जाहिरातीतला ‘आदिवासी’ कुठेच राहत नाही

कमरेला पानं, अंगाला फासलेला काळा रंग, हातात भाला आणि नुसती ‘हुर्र हुर्र’ अशी आरडाओरड. आदिवासी असेच असतात, हा समज कित्येक जाहिरातींनी वर्षानुवर्षं पसरवलाय. तो चुकीचा आहे, आणि अपमानकारकही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत. त्यांचा पोशाख एक नाही, भाषाही एक नाही. भिली मराठीच्याच कुळातली, गोंडी तेलुगूच्या, तर मेळघाटातली कोरकू थेट पूर्व भारतातल्या संथाली भाषेच्या. प्रत्येकीला स्वतःचं व्याकरण आहे, गाणी आहेत.

पडताळायचंय? नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या आठवडी बाजारात जा, पावरा या आदिवासी समाजातल्या बायकांच्या गळ्यातले चांदीचे जाडजूड दागिने बघा. तेवढं जमत नसेल तर जनगणनेचे भाषावार तक्ते ऑनलाइन मोफत मिळतात. त्यात या तिन्ही भाषांची नोंद आहे.