सेन्सर, रोबो किंवा स्मार्ट यंत्र तयार केलंय? लोकांना दाखवण्याआधी पेटंटचा अर्ज असा करा

प्रकल्प प्रदर्शनात मांडायचा, व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा, परिषदेत शोधनिबंध वाचायचा आणि मग निवांत पेटंटचं बघायचं, असा क्रम आपल्याकडे सर्रास दिसतो. तो उलटा हवा. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो आणि अर्जाच्या तारखेआधी तो लोकांसमोर आला असेल, तर तुमचंच प्रदर्शन तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतं. कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध एवढ्यांनाच ती लागू होते. महाविद्यालयाचा टेकफेस्ट त्यात बसत नाही. सार्वजनिक ठिकाणीच चाचणी घेणं भाग होतं, अशा यंत्राला, उदाहरणार्थ रस्त्यावर किंवा शेतात चालणाऱ्या रोबोला, वर्षभराची वेगळी मुभा आहे, पण ती निव्वळ चाचणीपुरती. युरोपात तर अशी सर्वसाधारण सूट नाहीच.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढला की तो जगजाहीर झाला. म्हणून प्रबंध सादर करण्याआधी निदान प्रोव्हिजनल (तात्पुरत्या विवरणाचा) अर्ज तरी दाखल झालेला असावा.

कशाला पेटंट मिळतं, कशाला नाही

इथे सगळ्यात जास्त अर्ज अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, नाशिकच्या द्राक्षबागेसाठी पानांवरचा ओलावा मोजणारं यंत्र तुम्ही केलं. बाजारातला ओलावा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि एसएमएस पाठवणारा जीएसएम मॉड्यूल जोडला. प्रकल्प म्हणून तो उपयोगी आहे, पण पेटंट कायदा 1970 च्या कलम 3(फ) पुढे टिकणार नाही. माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं ठरलेलं काम करत राहिला, तर कायदा त्याला शोध मानत नाही. अंतिम वर्षाचे बहुतेक प्रकल्प इथेच गळतात.

आता समजा, फवारणीचा थर बसल्यावर सेन्सर कोरडं पानही ओलं दाखवतो हे तुमच्या लक्षात आलं, आणि दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजमाप घेऊन त्या थराचा परिणाम वजा करणारं सर्किट तुम्ही बसवलं. असा उपाय आधी कोणी केलेला नसेल आणि त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा नसेल, तर अर्जात दम आहे. त्याच यंत्राच्या आधारे बागेत फवारणी कधी करायची ही पद्धत मात्र कलम 3(ह) मध्ये अडकते, कारण शेती किंवा फळबागेच्या पद्धतीला पेटंट नाही. दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारं अर्जातलं वाक्य, यंत्रावर करा, शेतीच्या रीतीवर नको.

मनगटावर बांधायच्या आरोग्य सेन्सरलाही असंच लागू होतं. उपकरणाला पेटंट मिळू शकतं, माणसावरच्या निदानाच्या किंवा उपचाराच्या प्रक्रियेला कलम 3(आय) आड येतं.

सॉफ्टवेअरबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. कलम 3(के) नुसता संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम आणि गणिती पद्धत वगळतं. पण फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2019 च्या निकालात स्पष्ट केलं की आज वॉशिंग मशीनपासून मोटारीपर्यंत सगळ्यात प्रोग्राम असतो, त्यामुळे प्रोग्राम आहे एवढ्यावरून शोध बाद करता येणार नाही. तांत्रिक परिणाम दिसला पाहिजे. म्हणून अर्जासोबतच्या विवरणात (शोधाच्या लेखी वर्णनात) 'आमचं मॉडेल अचूक आहे' एवढंच लिहू नका. मोजमापातली चूक किती घटली, मोटरला आदेश किती लवकर पोचला, बॅटरी किती वाचली, हे आपल्या प्रयोगांतल्या आकड्यांनिशी लिहा.

अर्ज कोण करू शकतो

खरा आणि पहिला संशोधक, किंवा त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती वा संस्था. विद्यार्थी, गृहिणी, मेकॅनिक, कोणीही चालतो. पदवीची अट नाही. संस्थेची प्रयोगशाळा किंवा निधी वापरला असेल, तर संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी मालकी संस्थेची असते आणि संशोधक म्हणून नाव तुमचं राहतं. आयआयटी मुंबईत हे काम आयआरसीसी हा संस्थेचा संशोधन विभाग बघतो, इतरत्र बौद्धिक संपदेचा (आयपी) सेल असतो. संशोधकांच्या यादीत कल्पनेत खरा वाटा असलेल्यांचीच नावं घाला. पदामुळे मार्गदर्शकाचं नाव येत नाही आणि सोल्डरिंग करणाऱ्याचंही येत नाही. कल्पना मात्र विद्यार्थ्याची असेल, तर त्याचं नाव गाळणं हा अन्याय आहे.

कागदपत्रं

फॉर्म 1 हा मूळ अर्ज. त्यात संशोधकांच्या सह्या किंवा वेगळं हक्कपत्र लागतं. फॉर्म 2 म्हणजे विवरण. प्रोव्हिजनलमध्ये शोध काय आहे ते आकृत्यांसह नीट सांगायचं, दावे नसले तरी चालतात. पूर्ण विवरणात दावे आणि सारांश हवेतच, आणि त्याबरोबर संशोधकांबाबतचा फॉर्म 5. परदेशातल्या अर्जांची माहिती आणि हमी फॉर्म 3 मध्ये. पेटंट एजंट नेमला असेल तर फॉर्म 26. स्टार्टअप, लघु उद्योग किंवा शिक्षणसंस्था म्हणून सवलत हवी असेल तर फॉर्म 28 पुराव्यासह. स्वतःच्या नावावर अर्ज करणाऱ्या व्यक्तीला तो लागत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचं पेटंट कार्यालय आहे, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. ऑनलाइन अर्ज केलात तर तिथे जावं लागत नाही, डिजिटल सही लागते. व्यक्ती, स्टार्टअप, लघु उद्योग आणि शिक्षणसंस्थेला ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये, इतरांना 8,000. कागदावर दिल्यास 10 टक्के जास्त. 30 पानांनंतर प्रत्येक पानाला 160 आणि 10 दाव्यांनंतर प्रत्येक दाव्याला 320 रुपये सवलतीच्या दरात. पाल्हाळ महाग पडतो.

अर्जाआधी इनपास (भारतीय पेटंट कार्यालयाचं), एस्पेसनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाचं) आणि गुगल पेटंट्स या जुनी पेटंटं शोधण्याच्या तिन्ही संकेतस्थळांवर शोधा, तेही वेगवेगळे शब्द घालून. तुमची कल्पना आधीच कुठे सापडली, तर पैसे वाचले आणि पुढे काय सुधारायचं तेही कळलं.

दाखल केल्यानंतर

प्रोव्हिजनलनंतर 12 महिन्यांत पूर्ण विवरण द्यायचं. चुकलात तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 18 महिन्यांनी अर्ज प्रकाशित होतो. फॉर्म 9 आणि 2,500 रुपये भरून तो लवकरही करून घेता येतो. प्रकाशित होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे. प्रकाशनाचा कागद मिरवायला देऊन प्राध्यापकांकडून पैसे घेणारे लोक आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

परीक्षण आपोआप होत नाही. फॉर्म 18 भरावा लागतो, सवलतीचं शुल्क 4,000 रुपये. मार्च 2024 च्या नियमबदलापासून नव्या अर्जांसाठी हा फॉर्म भरण्याची मुदत अग्रक्रमाच्या (म्हणजे पहिल्या अर्जाच्या) तारखेपासून 31 महिने झाली आहे. आधी 48 होती, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका. स्टार्टअप, सरकारी संस्था, किंवा सर्व अर्जदार व्यक्ती असून त्यांत एक जरी महिला असेल, तर फॉर्म 18ए भरून जलद परीक्षण मागता येतं, सवलतीचं शुल्क 8,000 रुपये.

पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला 6 महिने मिळतात. त्यात जवळपास नेहमीच आक्षेप असतात. बघून खचू नका. प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर द्या, गरज पडली तर दावे आखूड करा. मूळ विवरणात नसलेली गोष्ट मात्र आता घुसडता येत नाही, म्हणूनच सुरुवातीचं लिखाण जीव ओतून करायचं. सुनावणी ऑनलाइन होते. मंजुरीनंतर पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं टिकतं, पण तिसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण शुल्क भरत राहिलात तरच.

यंत्राचा बाह्य आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदणी स्वतंत्र करा, तीही दाखवण्याआधी. कोडला कॉपीराइट आहेच. गावातल्या, संस्थेचा आधार नसलेल्या संशोधकांनी गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनशी संपर्क साधावा, तिथे पेटंटसाठी मदत होते.

परदेशात हक्क हवे असतील, तर पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत तिकडे किंवा पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराखाली अर्ज करायचा आणि प्रोव्हिजनलची तारीखही त्यात मोजली जाते. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून 6 आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म 25 भरून परवानगी घ्यायची. हे न करता थेट अमेरिकेत अर्ज केल्यास भारतातला हक्क जातोच, शिवाय दंड किंवा कैदही होऊ शकते.