शुद्ध युरेनियमातली अशुद्धी शोधायचीय? बार्क (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रेनिंग स्कूलचा अर्ज: पात्रता आणि कागदपत्रं

३० जानेवारी १९५९ ला ट्रॉम्बेमध्ये अणुभट्टीच्या दर्जाच्या युरेनियमचा पहिला गोळा तयार झाला. धातू शुद्ध आहे असं म्हणण्याआधी त्यात काय नाही ते मोजावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच असते. गॅडोलिनियम, सॅमेरियम, युरोपियम ही रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यं न्यूट्रॉन गिळतात, आणि अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया न्यूट्रॉनवरच चालते. न्यूट्रॉन शोषण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या बोरॉनची ही क्षमता सुमारे ७६० बार्न (ती मोजण्याचं एकक), तर गॅडोलिनियमची जवळपास ४९,०००. त्यामुळे त्यांचा नुसता मागमूसही शोधावा लागतो. त्यात युरेनियमच्या वर्णपटात हजारो रेषा असल्याने बारीकसारीक रेषा झाकल्या जातात. म्हणून आधी टीबीपी (ट्रायब्युटाइल फॉस्फेट) सारख्या द्रावकाने युरेनियम बाजूला काढतात आणि उरलेलं द्रावण आयसीपी यंत्रावर, म्हणजे अतितप्त प्लाझ्मात नेऊन वर्णरेषांवरून किंवा अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजतात.

या कामाकडे जाणारी एम.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांची मोठी वाट म्हणजे बार्कचा ओसीईएस हा एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम. पदव्युत्तर पदवीला किमान ६० टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, पण ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल द्यावा लागतो. बी.एस्सी.चे दुय्यम विषय आणि बारावीचं गणित याबद्दलची अट जाहिरातीत नीट वाचा. वय १ ऑगस्टला धरतात: खुल्या गटाला २६, ओबीसींना २९, एससी-एसटींना ३१ वर्षं.

अर्ज ऑनलाइनच, अधिकृत संकेतस्थळावर, साधारण जानेवारीच्या सुमारास. शुल्क ५०० रुपये. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना माफ. मुलाखतीसाठी निवड गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर किंवा बार्कच्या ऑनलाइन परीक्षेवर होते. या परीक्षेत दोन तासांत १०० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीला उणे १. अंदाजपंचे उत्तरं ठोकणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. गेट दिली असली तरी परीक्षाही द्या, दोन्ही दारं उघडी राहतात.

कागदपत्रांत दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, फोटो ओळखपत्र आणि गेटचं स्कोअरकार्ड लागतं. श्रेणी पद्धत असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीचं सूत्रही जवळ ठेवा. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र हवं. आपल्याकडची मुलं हमखास अडतात ती जातीच्या दाखल्यावर. राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो, ओबीसींना नॉन-क्रीमीलेअरसह. राज्यात विमुक्त-भटक्यांत मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत. तुमची जात तिथे कुठे आहे ते आधी पाहा. दाखल्यासाठी तहसील-प्रांत कचेरीचे हेलपाटे जाहिरातीची वाट न पाहताच सुरू करा.

अंतिम निवड फक्त मुलाखतीवर होते, मग वैद्यकीय तपासणी. पाठांतर तिथे फार पुरत नाही. प्रॅसिओडिमियम-१४१ ला ऑक्सिजन-१६ चिकटला की वस्तुमान १५७ होतं, म्हणजे वस्तुमान मोजणाऱ्या आयसीपी यंत्राला तो गॅडोलिनियम-१५७ च वाटतो. असं का घडतं आणि ते कसं टाळायचं, हे स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं.

प्रशिक्षणात किमान ५० टक्के मिळाले की सायंटिफिक ऑफिसर 'सी' म्हणून नेमणूक होते आणि अणुऊर्जा विभागात निदान तीन वर्षं काम करण्याचा बाँड असतो. विश्लेषणाचीच प्रयोगशाळा मिळेल अशी हमी मात्र कोणी देत नाही.